पट्टा खुशाल धुवा

पोराला कराटेला घातलं की कुणीतरी बजावतंच, ‘पट्टा धुऊ नका! पूर्वी पांढरा पट्टाच घामाने मळून काळा व्हायचा.’ गोष्ट झकास, पण खोटी. काळा पट्टा ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८०च्या दशकात मुद्दाम सुरू केला. कराटेत ही पद्धत आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली आणली. पिवळा-हिरवा वगैरे रंगांची उतरंड नंतर युरोपात रुजली. (मळका पांढरा पट्टा चहाच्या फडक्यासारखा दिसतो, काळा नव्हे.) म्हणजे पट्ट्याचे रंग काही पवित्र नाहीत; म्हणून हात आखडता असेल तर पुढच्या रंगाच्या पट्ट्याची एखादी परीक्षा पुढे ढकला, त्या पैशात महिन्याची फी आणि दातांचं गार्ड बसवा. कुमितेत (जोडीदाराशी लढताना) ठोसा चुकला की तेच कामी येतं.