मध्यम लहरींवरील रात्रीचे दूरश्रवण (कोल्हापूर परिसर)

मिडियम वेव्ह, म्हणजे 531 ते 1602 किलोहर्ट्झच्या पट्ट्यावर दिवसा न लागणारी लांबची केंद्रे रात्री शोधायची, ओळखायची आणि त्यांची नोंद ठेवायची, असा हा छंद आहे. शौकीन त्याला डीएक्सिंग म्हणतात. ऐकण्यासाठी परवाना लागत नाही. रेडिओसाठी पोस्टात भरायचा वार्षिक परवाना 1980 च्या दशकातच रद्द झाला, आणि हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना लागतो तो प्रक्षेपणासाठी.

दिवसा आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातला, 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा ‘डी’ थर मध्यम लहरी शोषून घेतो. त्यामुळे जमिनीलगत येणारी लहर तेवढी पोचते. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी वरच्या थरांवरून परततात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरची केंद्रे लागू लागतात. मधल्या अंतराची पंचाईत वेगळीच. सुमारे 200 किलोमीटरवरच्या पुण्याची (792 किलोहर्ट्झ) जमिनीवरची आणि आकाशातली लहर रात्री एकमेकींत मिसळून आवाज घोगरा होऊ शकतो. तो संचाचा दोष समजून काही जण उगाच आयएफटीचे (संचातल्या जुळवून ठेवलेल्या कॉइलींचे) स्क्रू फिरवतात आणि चांगला रेडिओ बिघडवतात.

अंधार पूर्वेकडून येतो, म्हणून आधी पूर्वेची केंद्रे उघडतात. रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटे धरली, तर कोलकात्याचा सूर्य कोल्हापूरच्या आधी जवळपास तासभर मावळतो आणि मस्कतचा तासभर नंतर. पहाटे पूर्वेची केंद्रे आधी विझतात, आखाताकडची शेवटपर्यंत टिकतात. रात्री अकरानंतर आकाशवाणीची बरीच केंद्रे सभा संपवतात आणि त्यांच्याखाली दबलेले परके आवाज वर येतात. श्रीलंकेतल्या पुत्तलमचा 882 वरचा 400 किलोवॅटचा प्रक्षेपक इथून सुमारे 1,100 किलोमीटरवर आहे. तो चालू असण्याच्या वेळात नवख्याने पहिला प्रयत्न त्याच्यावर करावा.

कोल्हापूरचे आकाशवाणी केंद्र एफएमवर (102.7 मेगाहर्ट्झ) असल्याने शहरात मध्यम लहरींचा दणका नाही, हे इथल्या श्रोत्याचे नशीब. जवळचा अडथळा सांगलीचा: 1251 किलोहर्ट्झ, 20 किलोवॅट, अंतर जेमतेम 40 किलोमीटर. साध्या संचात तो शेजारच्या 1242 आणि 1260 वरही सांडतो. उपाय रेडिओतच आहे. आतली फेराइटची दांडी, म्हणजे संचाचा अँटेना, जिकडे टोक करते तिकडून येणारा आवाज सर्वांत क्षीण होतो. संच जमिनीला समांतर ठेवून दांडीचे टोक पूर्व-ईशान्येला, सांगलीकडे करावे आणि चार-पाच अंशांनी मागेपुढे हलवत तळ शोधावा. दांडीला काटकोनात येणारी रेषा मग एका बाजूला मुंबईकडे (558, 1044) आणि दुसऱ्या बाजूला धारवाडकडे (765) जाते, म्हणजे सांगली गप्प करताना ही दोन्ही केंद्रे जोरात राहतात. आकाशातून तिरक्या उतरणाऱ्या लहरींना मात्र असे साफ गप्प करता येत नाही.

जुना व्हॉल्व्हचा किंवा ट्रान्झिस्टरचा संच चालतो, पण काट्याने नेमका आकडा कळत नाही. डिजिटल संच घेतल्यास केंद्र शोधण्याची पायरी 10 ऐवजी 9 किलोहर्ट्झवर ठेवावी. आपल्याकडच्या प्रत्येक केंद्राचा आकडा 9 ने भागला जातो. भागला गेला नाही, तर वाचनात चूक आहे किंवा ते केंद्र नसून भूत (संचातच तयार झालेला खोटा सिग्नल) आहे. 455 किलोहर्ट्झ आयएफच्या (प्रत्येक केंद्र संचात ज्या ठरावीक मधल्या कंप्रतेवर आणले जाते तिच्या) संचात पट्ट्याच्या वरच्या टोकाचे जोरकस केंद्र खऱ्या जागेच्या 910 किलोहर्ट्झ खालीही उमटते. अशाच संचात 909 वर शिट्टी येते, कारण 455 ची दुप्पट 910. त्यात हवामानाचा काही दोष नाही.

दांडीच्या जोडीला लूप अँटेना केला की फरक लगेच जाणवतो. 60 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी लाकडी चौकटीवर इन्सुलेशनच्या बारीक वायरचे 11 वेढे, दोन वेढ्यांत 6 मिलिमीटर अंतर ठेवून घ्यावेत. वायर सुमारे 27 मीटर लागते. दोन्ही टोके 500 पिकोफॅरडच्या गँगला (केंद्र लावण्याच्या फिरत्या कपॅसिटरला) जोडावीत. गँग 365 चा असेल तर 13-14 वेढे लागतात. वेढे चिकटून गुंडाळले तर पट्ट्याचे वरचे टोक हाती लागत नाही, आणि खिशातल्या ट्रान्झिस्टरचा छोटा गँग लावला तर खालचे. रेडिओला तार जोडायची नाही. दांडी चौकटीच्या पातळीला काटकोनात येईल असा तो लूपजवळ ठेवावा आणि आवाज एकदम उसळेपर्यंत गँग फिरवावा.

एवढे करूनही खरखरच येत असेल, तर दोष घरात शोधावा. रेडिओ सेलवर ठेवून मेन स्विच बंद करावा. खरखर थांबली तर एकेक फ्यूज चढवत चोर पकडता येतो: मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स. न थांबल्यास शेजारचे घर किंवा खांबावरचा ठिणगी पडणारा इन्सुलेटर. लोडशेडिंगला सगळे शिव्या घालतात, पण या छंदात तीच सुगी. पन्हाळ्याला किंवा मसाई पठारावर रेडिओ नेण्याचा फायदाही उंचीपेक्षा तिथल्या विजेच्या शांततेचाच असतो. वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात दूरवरच्या विजांचे तडाखे ऐकू येतात, त्यामुळे दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ बरा.

ओळख पटवताना आकाशवाणीच्या पहाटेच्या संकेतधूनवर विसंबू नये, कारण ती सगळ्या केंद्रांची एकच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय बातम्याही एकाच वेळी अनेक केंद्रांवरून लागतात. केंद्राचे नाव सांगणारी उद्घोषणा, प्रादेशिक बातम्या, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आणि बाजारभाव यांतून गाव कळते. वहीत तारीख, भारतीय वेळ आणि त्यातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ, आकडा, भाषा, कार्यक्रमाचा तपशील आणि सिग्नलची प्रत लिहावी. केंद्राला अहवाल पाठवून क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच, मागायचे असेल, तर निदान 15-20 मिनिटांचा तपशील हवा. ‘गाणी चालू होती’ एवढ्यावर कार्ड येत नाही. आकाशवाणीने अलीकडे बरेच मध्यम लहरी प्रक्षेपक बंद केले आहेत, म्हणून जुन्या छापील यादीतले केंद्र लागले नाही तर आधी ते चालू आहे का ते पाहावे, मग लूप सोडायला घ्यावा.