सांसर्गिक काळपुळीवरील एककृंतकी प्रतिपिंडे

बॅसिलस अँथ्रॅसिस या जिवाणूचे बीजाणू श्वासावाटे शरीरात गेल्याने होणाऱ्या काळपुळीत (अँथ्रॅक्स) जिवाणूचे विष निष्प्रभ करण्यासाठी शिरेतून दिली जाणारी, एकाच मूळ पेशीच्या वंशातून बनवलेली व एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रथिने (मोनोक्लोनल अँटिबॉडी). मराठीत ‘काळपुळी’ हा शब्द कारबंकल या गळवालाही लावतात. गुरांमधील अँथ्रॅक्सला ‘फाशी’ म्हणतात.

प्रतिजैविके जिवाणू मारतात, पण रक्तात आधीच मिसळलेले विष त्यांना आवरत नाही. हे विष तीन प्रथिनांचे असते : संरक्षक प्रतिजन, मारक घटक आणि शोफकारक (सूज आणणारा) घटक. पहिल्याचे नाव काहीसे फसवे आहे. त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली की प्राणी वाचतो म्हणून ते ‘संरक्षक’. एरवी ते विषाचे प्रवेशद्वारच होय. पेशीवरील ग्राहींना (रिसेप्टर) चिकटल्यावर फ्युरिन हे विकर (एन्झाइम) त्याचा तुकडा पाडते. उरलेल्या भागांचे कडे बनते व त्यातून इतर दोन घटक पेशीत शिरतात. हे कडे अशा सात भागांचे असल्याचे दीर्घकाळ मानले जाई. पुढे आठ भागांचे रूपही आढळले. दोन्ही रूपे संभवतात, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. उपचाराच्या दृष्टीने मात्र हा भेद गौण आहे, कारण प्रतिपिंड संरक्षक प्रतिजनाला ग्राहीशी जोडले जाण्यापूर्वीच अडवते.

२००१ मध्ये अमेरिकेत टपालातून बीजाणू पाठवले गेले. त्या वेळच्या २२ रुग्णांपैकी ११ श्वसनमार्गी होते व त्यांतील ५ दगावले. या घटनेनंतर संशोधनाला वेग आला. राक्सिबाकुमॅब या मानवी प्रतिपिंडाला तेथील अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१२ मध्ये, तर ओबिल्टोक्सॅक्सिमॅबला मार्च २०१६ मध्ये मान्यता दिली. दुसरे संमिश्र, म्हणजे उंदराच्या प्रतिपिंडाचा अंश असलेले आहे. त्याच्या वेष्टनावर तीव्र ॲलर्जीचा ठळक इशारा असतो. प्रौढांसाठी मात्रा वजनाच्या दर किलोग्रॅममागे अनुक्रमे ४० व १६ मिलिग्रॅम.

माणसांना मुद्दाम हा रोग देऊन चाचणी घेणे अनैतिक, म्हणून परिणामकारकता ससे व माकडांवर आणि सुरक्षितता निरोगी स्वयंसेवकांवर तपासली गेली. राक्सिबाकुमॅबच्या प्रयोगांत अधिक मात्रा दिलेले ४४ टक्के ससे व ६४ टक्के माकडे जगली. औषधाविना एकही नाही. प्रतिजैविकासोबत दिल्यास नेमका किती जास्तीचा लाभ होतो, हे ठरवणे अधिक कठीण आहे. उशिरा उपचार केलेल्या सशांत केवळ लिव्होफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाने ६५ टक्के, तर दोन्ही मिळून ८२ टक्के जगले. हा फरक सूचक आहे, निर्णायक म्हणता येत नाही.

ही प्रतिपिंडे जिवाणू मारत नाहीत, म्हणून ती प्रतिजैविकांच्या जोडीनेच देतात. रक्तातील पदार्थांना मेंदूत जाण्यापासून रोखणारा रक्त-मेंदू अडथळा ती ओलांडत नसल्याने मस्तिष्कावरणदाहावर (मेनिंजायटिस) त्यांची मदत अपेक्षित नाही.