कल्याणच्या बत्तीस डिश

ठाणे जिल्ह्यात दुर्बीण म्हटली की आकाशदर्शनवाल्यांना वांगणी आठवते. पण टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण याच जिल्ह्यात, कल्याणला उभी होती, हे खुद्द कल्याणकरांपैकीही फार थोड्यांना माहीत असावे.

आधीचा इतिहास शाळेतला. १६०८ मध्ये हॉलंडच्या हान्स लिपरशेने दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे चंद्र दिसले. न्यूटनने भिंगाच्या जागी आरसा आणला आणि नंतरची शतके आरसे मोठे करण्यात गेली. १९३०च्या दशकात कार्ल जान्स्कीला आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी सापडल्या आणि दुर्बिणीला डोळा लावायची गरजच उरली नाही.

अडचण वेगळीच होती. या लहरी प्रकाशापेक्षा लाखो पटींनी लांब. बारकावे टिपायचे तर दुर्बीणही त्याच प्रमाणात अवाढव्य हवी. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिलला खगोलशास्त्रज्ञ क्रिस्टियनसेन यांनी यावर तोड काढली: लहान लहान डिश ओळीने मांडायच्या आणि त्यांचे संकेत एकत्र जोडायचे. १९५०च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप तिथेच काम शिकले. पुढे त्या ३२ डिश ऑस्ट्रेलियाला नकोशा झाल्या, तेव्हा त्यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. काही वर्षे त्या दिल्लीत नुसत्या पडून होत्या. होमी भाभांच्या बोलावण्यावरून स्वरूप १९६३ मध्ये संस्थेत आले, आणि डिशनाही काम मिळाले.

१९६५ मध्ये कल्याणची दुर्बीण सुरू झाली. पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर २४ डिश, उत्तर-दक्षिण २५६ मीटरवर ८. प्रत्येकीचा व्यास जेमतेम १.८ मीटर. वापरलेली तरंगलांबी सुमारे अर्धा मीटर. अशी एकटी डिश आकाशाचा पंधराएक अंशांचा पट्टा सरसकट एकच धरते, आणि सूर्य तर अर्ध्या अंशाचा! सगळ्या मिळून मात्र सूर्यबिंबाचेच भाग वेगळे करता येत. सूर्याच्या प्रभामंडळाचे, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ वातावरणाचे, तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे इथल्या निरीक्षणांतूनही दिसले. जुन्या, मागून आणलेल्या सामानावर एवढे साधले, हे मला तरी मोठे वाटते.

तीनेक वर्षांत इथले काम थांबले. तोवर मंडळी उटीच्या दुर्बिणीत गुंतली होती. ती १९७० मध्ये तयार झाली. नंतर नारायणगावजवळच्या खोडदला स्वरूप पुन्हा त्याच युक्तीकडे वळले. फक्त तिथे ३० डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आणि पंचवीसेक किलोमीटरवर पसरलेल्या.