डीएनए अहवालातले टक्के किती खरे?
चाचणीचे पैसे भरण्याआधी वाचावे, ही विनंती

आमच्याकडे कोल्हापुरात राजारामपुरीत डीएनए चाचणीसाठी येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "आमचं मूळ गाव कुठलं, आम्ही आलो कुठून?" लाळेची नळी भरून पाठवायची आणि काही आठवड्यांनी मोबाइलवर रंगीत नकाशा येतो. त्यावरचे टक्के दशांश चिन्हापर्यंत छापलेले असतात, म्हणून गुजरीत सोने तोलून घेतल्यासारखा विश्वास बसतो. पण हे टक्के तोललेले नसतात, ते अंदाज असतात. अंदाज किती पक्का हे दोन गोष्टींवर ठरते: तुमचा डीएनए किती बारकाईने वाचला आणि तो कोणाशी ताडून पाहिला. पहिल्या गोष्टीची जाहिरात होते, दुसरीबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या भागातल्या माणसाचा अहवाल बहुतेक वेळा दुसऱ्या गोष्टीवरच अडतो.

किती अक्षरे वाचली?

माणसाच्या डीएनएत सुमारे ३ अब्ज अक्षरे असतात; अक्षरे चारच, ए, सी, जी आणि टी, पुन्हा पुन्हा येणारी. कोणत्याही दोन माणसांची त्यातली जवळपास ९९.९ टक्के अक्षरे सारखीच निघतात. बाजारातली नेहमीची चाचणी ही सगळी अक्षरे वाचत नाही. चिपवर, म्हणजे डीएनए तपासायच्या छोट्या पट्टीवर, आधीच ठरवलेल्या साधारण ६ ते ७ लाख जागा ती तपासते, म्हणजे साडेचार-पाच हजार अक्षरांमागे एक. माणसामाणसांत जिथे फरक आढळतो अशाच जागा निवडलेल्या असल्याने एवढ्यावरही बरेच कळते.

या वाचनाची कच्ची फाइल, म्हणजे रॉ डेटा, तुम्हाला उतरवून घेता येतो. आम्ही ती ग्राहकासमोर एक्सेलमध्ये उघडतो. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे अख्खी फाइल एका पानात बसते. ओळीत आधी जागेचे नाव, मग गुणसूत्राचा क्रमांक, मग त्यावरचे ठिकाण, आणि शेवटी दोन अक्षरे: एजी, सीसी, टीटी. एक अक्षर आईचे, एक वडिलांचे. कोणते कोणाचे, हे मात्र ओळीत लिहिलेले नसते. ते संगणक अंदाजाने लावतो. आई किंवा वडिलांचीही चाचणी झालेली असेल तर हा अंदाज खूपच पक्का होतो. खाली सरकत गेलात की मध्येच अक्षरांऐवजी दोन आडव्या रेघा दिसतात. ती जागा यंत्राला वाचता आली नाही. अशा थोड्या रेघा प्रत्येक फाइलमध्ये असतात. फार असतील तर नमुना खराब होता असे समजावे आणि पुन्हा चाचणी मागावी.

६ लाख जागा पुरतात का, हे तुमच्या प्रश्नावर आहे. युरोप की पूर्व आशिया, एवढेच सांगायचे असेल तर नीट निवडलेल्या काही शे जागाही पुरतात. पण कोल्हापूर, बेळगाव आणि रत्नागिरी यांच्यात फरक करायचा असेल तर गोष्ट वेगळी. घाट चढून-उतरून, सोयरीक जुळवून ही माणसे शतकानुशतके एकमेकांत आहेत. तालुक्याच्या नकाशावर गाव ठिपक्याएवढे दिसते. बांध कुणाचा हे पाहायला गटाचा नकाशाच काढावा लागतो. शेजारच्या दोन समाजांतला फरक अशाच बारीक, दुर्मिळ अक्षरबदलांत असतो आणि चिपवर दुर्मिळ बदल फारसे नसतात. शिवाय जुन्या चिपवरच्या पुष्कळ जागा युरोपीय लोकांच्या अभ्यासातून निवडलेल्या होत्या. आपल्याकडचे वेगळेपण त्यांत कमी सापडते.

यावर उपाय म्हणून पूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरे, वाचून घेता येतो. तेव्हा "किती एक्स?" हे जरूर विचारा. ३० एक्स म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचलेले. १ एक्स म्हणजे सरासरी एकदाच, त्यामुळे पुष्कळ जागा एकदाही वाचल्या जात नाहीत आणि त्या इतर लोकांच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरल्या जातात. दोन्हींच्या पाकिटावर "पूर्ण जीनोम" असे लिहिता येते. अंदाज ज्या लोकांवरून लावायचा त्यांत आपल्यासारखे लोक नसतील, तर भरलेली अक्षरे चुकण्याचा धोका आपल्याला जास्त. स्वस्त पूर्ण जीनोमपेक्षा चांगली चिप बरी, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

ताडून कोणाशी पाहिले?

डीएनएवर "करवीर" किंवा "कागल" असा शिक्का नसतो. तुमची अक्षरे आधी गोळा केलेल्या नमुन्यांशी जुळवतात आणि ज्यांच्याशी जास्त जुळतील त्यांचे नाव अहवालात येते. म्हणून संग्रहात कोण आहे हे महत्त्वाचे.

जगभर वापरला जाणारा एक खुला संग्रह म्हणजे '१००० जीनोम्स' प्रकल्पाचा. २०१५ साली पूर्ण झालेल्या त्याच्या टप्प्यात २६ समूहांतले २,५०४ लोक आहेत. त्यात दक्षिण आशियाचे समूह पाच: अमेरिकेत ह्यूस्टनला राहणारे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, आणि ब्रिटनमध्ये राहणारे तेलुगू व श्रीलंकेचे तमिळ. मराठी माणसांचा वेगळा समूह त्यात नाही. आता कोल्हापूरच्या माणसाचा नमुना अशा संग्रहाशी ताडला तर उत्तर काय येणार? थोडा गुजराती, थोडा तेलुगू. असे अहवाल हातात घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि विचारतात, "आमचे पूर्वज गुजरातेतून आले का?" आले असतीलही, पण या अहवालावरून ते ठरत नाही. मराठी हा पर्यायच नव्हता म्हणून गणित शेजाऱ्यांत वाटले गेले. अशा वेळी ३ अब्ज अक्षरे वाचली तरी उत्तर तेच येईल. जास्त पैसे भरून बारकाई विकत घेण्याआधी कंपनीला हा एक प्रश्न विचारा: तुमच्या संग्रहात महाराष्ट्रातले लोक आहेत का, आणि किती?

हे चित्र बदलते आहे. जीनोम इंडिया प्रकल्पात देशातल्या ८३ समूहांतल्या सुमारे १० हजार लोकांचे पूर्ण जीनोम वाचले गेले. ही माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवली असून जानेवारी २०२५ मध्ये ती संशोधकांसाठी खुली झाली. आपल्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

संग्रह बदलला की तुमचे टक्केही बदलतात, डीएनए तोच असला तरी. आमच्यापैकी एकाच्या अहवालात पहिल्यांदा मध्य आशियाचे ४ टक्के आले होते. घरात दिवाळीभर तोच विषय. काकांनी तर वहीत घराण्याची नवी कथा लिहायला घेतली होती. पुढच्या वर्षी कंपनीने संग्रह वाढवला आणि ते ४ टक्के गेले. काकांना ते सांगताना जीव तुटला. तेव्हापासून आम्ही ५ टक्क्यांखालच्या आकड्यावर कोणालाही कथा रचू देत नाही. २०१९ मध्ये कॅनडातल्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी जुळ्या बहिणींनी पाच कंपन्यांकडे नमुने पाठवले होते. दोघींचा डीएनए जवळजवळ तंतोतंत सारखा, तरी एकाच कंपनीने दोघींना वेगवेगळे टक्के दिले. अहवालात विश्वासाची पातळी, म्हणजे किती खात्रीचे तेवढेच दाखवायचे हे, बदलायची सोय असेल तर ती ९० टक्क्यांवर नेऊन पाहा. जे रंग तिथेही टिकतात तेच धरून चाला.

भावकी आणि सोयरे

एका कंपनीची कच्ची फाइल दुसरीकडे चढवून नातेवाईक शोधणारे बरेच आहेत. तिथे एक खोच आहे. दोन चिपांवरच्या सामाईक जागा कधी निम्म्याहून बऱ्याच कमी असतात, आणि जुळणी तेवढ्याच जागांवर होते. दोघांत सारखे निघालेले डीएनएचे तुकडे सेंटिमॉर्गन या मापात मोजतात. ७ सेंटिमॉर्गनपेक्षा लहान तुकडे पुष्कळदा निव्वळ योगायोगाने जुळतात. आपल्याकडे तर मामाची मुलगी करायची रीत. सख्ख्या चुलत-मामे भावंडांचा डीएनए सरासरी १२.५ टक्के सारखा असतो, पण घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अशी लग्ने झाली असतील तर तो आकडा फुगतो. परदेशी कंपनीचे सॉफ्टवेअर मग दूरच्या सोयऱ्याला जवळचा भाऊ ठरवते. म्हणून एकूण बेरजेपेक्षा सर्वांत मोठा अखंड तुकडा किती, ते आम्ही आधी पाहतो.

पाटील मंडळींचा प्रश्न नेहमीचा: "कागलचे पाटील आणि पन्हाळ्याचे पाटील एकच का?" पाटीलकी हे वतन होते, गावोगाव वेगळ्या घराण्यांकडे. आडनाव सारखे म्हणून भावकी एक, असे नाही. याला वडील-मुलगा असे सरळ चालत येणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी लागते. त्यात वाय गुणसूत्रावरच्या ठरावीक जागा, म्हणजे खुणा, ताडून पाहतात. १२ खुणांवर दोघे जुळले तर सामाईक पूर्वज हजारो वर्षांपूर्वीचाही असू शकतो. ३७ वर जुळले तर बोलण्यात अर्थ आहे, १११ वर जुळले तर कागदपत्रे काढायला घ्या. हेळव्याच्या, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्याच्या, चोपडीतली वंशावळ किंवा घरातला मोडी कागद असेल तर सोबत आणा.

आईकडच्या सरळ रेषेचेही तसेच. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागाचा वेगळा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यात १६,५६९ अक्षरे असतात आणि ती सगळी वाचून घेता येतात. वरवरच्या चाचणीत नुसते "एम गट" असे उत्तर येते. भारतात निम्म्याहून अधिक लोक त्याच गटाच्या कुठल्या ना कुठल्या फांदीवर आहेत. एवढ्यासाठी पैसे घालवू नका. फांदी कळणार असेल तरच करा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जात, कुळी, देवक यांतले काहीही डीएनएत लिहिलेले नसते. जातीच्या दाखल्यासाठी हा अहवाल उपयोगाचा नाही. त्यासाठी कोणी चाचणी करून घेत असेल तर आम्ही नमुना घेत नाही.

नमुना कोणाचा घ्यावा?

घरात आजी-आजोबा असतील तर आधी त्यांचा. आजीचा डीएनए तुमच्यात सरासरी २५ टक्केच उतरलेला असतो, तिच्यात मात्र तो पूर्ण आहे. तुमचा नमुना महागातल्या चाचणीला देण्यापेक्षा आजीचा साध्या चिपवर दिला, तर हाती जास्त लागते. नळी भरण्याआधी अर्धा तास खाणे-पिणे, पान, तंबाखू काही नको. आजी मिश्री लावत असतील तर सकाळी मिश्रीच्या आधीच नमुना घ्या. वयस्कर माणसांना लाळ लवकर सुटत नाही, घाई करू नका. नळीवर खूण असते, तिथपर्यंत फेस सोडून नुसती लाळ भरायची असते. त्यांना इथवर येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी सांगा, आम्ही सकाळी घरी येतो.