'पालक समिती'त नाव देताय? आधी बघा कोणत्या: व्यवस्थापन समिती की पीटीए

झेडपीच्या शाळेतली शाळा व्यवस्थापन समिती आणि प्रायव्हेट शाळेतला पालक-शिक्षक संघ म्हणजे पीटीए, दोन्हीला आपल्याकडे सरसकट 'पालक समिती' म्हणतात, आणि मग प्रायव्हेटमधला नवा उत्साही पालक विचारतो अध्यक्षाची निवडणूक कधी, तर तिथे अध्यक्ष आधीच ठरलेला असतो, प्रिन्सिपल. पालकाला मिळतं ते उपाध्यक्षपद.

झेडपीत बरोब्बर उलटं. ही समिती आली 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, कलम 21. त्यात 75 टक्के मेंबर पालक, एकूणात निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधूनच आणि मुख्याध्यापक सचिव. म्हणजे खुर्ची आपली पण मीटिंगची वही सरांकडे, आणि खरी गंमत वहीतच असते. शाळा विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठे गेलं ते बघायचं, पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि रजिस्टरवरचा आकडा जुळतो का ते बघायचं, ही सगळी कामं कायदेशीर तुमचीच. पण कित्येक ठिकाणी मीटिंग होतच नाही, पोरगंच वही घेऊन घरी येतं, "आई, सरांनी सही मागितलीय", आणि आई पोळ्या लाटता लाटता सही करते कारण दुपारच्या मीटिंगला गेलं तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, तिला तरी काय बोलणार. अनुदानित शाळेतही ही समिती असते, पण 2012 च्या दुरुस्तीनंतर तिथे ती फक्त सल्ला देते, ऐकायचं की नाही ते संस्थाचालक बघतात.

पीटीएचा कायदा वेगळाच, महाराष्ट्राचा 2011 चा फी नियमनाचा. प्रायव्हेट शाळेत पोर घातलं की तुम्ही मेंबर झालातच, प्रश्न फक्त कार्यकारी समितीचा. तिथे प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक, आणि पालक निवडायचे ते इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून. मॅडमच्या ओळखीतलेच पालक दरवर्षी 'निवडून' येत असतील तर चिठ्ठ्या कधी आणि कुणासमोर काढल्या एवढं विचारा, पुरे.

या समितीला गॅदरिंगचे समोसे मोजायला लावतात, पण तिचं मुख्य काम फी. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव शाळेने सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा असतो आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं लागू राहते, म्हणून तो कागद जर मीटिंगच्या शेवटच्या दहा मिनिटांत चहासोबत टेबलावर आला तर तिथल्या तिथे सही करू नका, हिशोबाची कागदपत्रं मागा, वाचायला वेळ मागा, आणि तरी पटलं नाही तर विरोध नुसता बोलून उपयोग नाही, इतिवृत्तात तुमच्या नावानिशी लिहून घ्या.