जपानमध्ये जुने गेम कन्सोल करमुक्त कसे घ्यावेत : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

जपानला गेलेला जुन्या गेमचा शौकीन टोकियोतलं अकिहाबारा, नाकानो ब्रॉडवे किंवा ओसाकाचं देनदेन टाउन हे जुन्या गेमचे बाजार चुकवत नाही. काचेच्या कपाटात १९८३ चा फॅमिकॉम, १९९० चा सुपर फॅमिकॉम, पीसी इंजिन, सेगा सॅटर्न असे एकाशेजारी एक मांडलेले असतात. या खरेदीवर जपानचा १० टक्के उपभोग कर लागतो आणि परदेशी पर्यटकाला तो माफ होऊ शकतो. ही सवलत फक्त नव्या वस्तूंना असते असं अनेकजण समजतात. तसं नाही. दुकान करमुक्त विक्रीसाठी नोंदलेलं असेल, तर वापरलेल्या कन्सोललाही ती मिळते.

पुढचे सगळे नियम एकाच कारणातून आलेले आहेत : वस्तू जपानबाहेर जाणार आहे म्हणून कर सोडला जातो.

कोणाला मिळते

पासपोर्टवर ‘टेम्पररी व्हिजिटर’ असा दर्जा असलेल्या परदेशी पाहुण्याला. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर तिथे राहणाऱ्यांना मिळत नाही. तुमचा भाचा टोकियोत नोकरीला असेल, तर त्याने तुमच्यासाठी कन्सोल करमुक्त घेऊन ठेवणं नियमात बसत नाही. तुमचा पासपोर्ट त्याच्या हाती देऊनही चालत नाही. काउंटरवर तुम्ही स्वतः हवेत. खरेदी स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी असावी. पुढे विकायचा माल आहे हे उघड दिसत असेल, तर दुकानदार करमुक्त विक्री करू शकत नाही. त्यामुळे एकाच मॉडेलचे सहा नग घेऊन काउंटरवर गेलात तर विचारणा होणारच.

कागदपत्रे

लागतो तो मूळ पासपोर्ट. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो उपयोगाचा नाही. विमानतळावर इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्टात एक छोटा स्टिकर चिकटवतो. त्यावर प्रवेशाची तारीख आणि राहण्याचा दर्जा छापलेला असतो, आणि दुकानदार तोच शोधतो. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायची सवय असेल, तर खरेदीच्या दिवशी ती मोडावी लागेल. दुकानातून मिळणारी माहिती थेट जपानी कस्टमकडे ऑनलाइन जाते. पूर्वी पासपोर्टला कागद स्टेपल करत, ते आता बंद झालं आहे.

दुकान आणि रक्कम

सगळ्या दुकानांना ही परवानगी नसते. दारावर किंवा काउंटरवर लाल-पांढरं, चेरीच्या फुलाचं ‘जपान टॅक्स-फ्री शॉप’ असं चिन्ह शोधा, किंवा ‘मेन्झेइ’ (करमुक्त) आहे का ते विचारा. जुन्या बाजारात सतरंजी टाकून बसलेल्या माणसाकडून घेतलेल्या कन्सोलवर हा लाभ मिळत नाही.

एका दुकानात, एकाच दिवशी, कर सोडून किमान ५,००० येनची खरेदी हवी. नेमकी इथे गल्लत होते. जपानमध्ये लेबलवर कर धरून किंमत लिहितात. ५,३०० येनचं लेबल पाहून आपण खूश होतो, पण कर वजा केला की ती किंमत सुमारे ४,८१८ येन भरते आणि व्यवहार बसत नाही. लेबलवर किमान ५,५०० दिसले पाहिजेत. एकाच साखळीच्या दोन शाखांची बिलं एकत्र धरली जात नाहीत.

कमी पडलेले येन भरून काढायला खाऊचा पुडा उचलायचा मोह होतो. मी तो केला आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या नियमात कन्सोल ही ‘सर्वसाधारण’ वस्तू आहे आणि खाऊ ‘उपभोग्य’. दोन्ही मिळून ५,००० केले, की कन्सोलवरही उपभोग्य वस्तूंचे नियम लागतात : सगळं सीलबंद पिशवीत जातं आणि देश सोडेपर्यंत ती उघडायची नाही. माझा गेम बॉय (हातात धरून खेळायचा छोटा कन्सोल) चार दिवस त्या पारदर्शक पिशवीत समोर दिसत होता आणि मला त्याचा स्विचही दाबता येत नव्हता. नुसता कन्सोल घेतला असता, तर हॉटेलवर लावून बघता आला असता.

पैसे देण्याआधी तपासा

करमुक्त बिल झालेली वस्तू परत करणं किचकट असतं. म्हणून पासपोर्ट पुढे करण्याआधीच तपासणी उरकून घ्या. लेबलवर ‘दोसा काकुनिन-झुमि’ लिहिलं असेल, तर दुकानाने कन्सोल चालवून पाहिला आहे. ‘जान्कु’ म्हणजे जंक : चालण्याची हमी नाही, परत घेतला जाणार नाही. ‘होनताई नोमि’ म्हणजे नुसता कन्सोल, तारा-अडॅप्टर काही नाही. काही दुकानांत लावून बघायला टेबल असतं; नसेल तर नम्रपणे विचारा.

पहिल्या फॅमिकॉमची ए-बी बटणं चौकोनी, मऊ रबराची होती आणि ती दाबली की आत अडकून बसायची. कंट्रोलर यंत्राला कायमचे जोडलेले असल्यामुळे बिघडला तर नुसता बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक बटण वीसेक वेळा दाबून बघा. शिवाय याचं चित्र फक्त अँटेनाच्या मार्गाने, जपानी चॅनेलवर येतं. आपल्याकडचा टीव्ही ते पकडेलच असं नाही. तिथले अडॅप्टर १०० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल.

१ नोव्हेंबर २०२६ पासूनचा बदल

३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या पद्धतीत दुकानातच कर वजा होतो. या तारखेपासून दुकानात कर धरून पूर्ण पैसे भरायचे आणि परतावा नंतर मिळतो. खरेदीपासून ९० दिवसांच्या आत, देश सोडताना विमानतळावर कस्टमची पडताळणी करून घ्यावी लागते. ती झाली नाही तर परतावा नाही. किमान ५,००० येनची अट कायम आहे, पण सर्वसाधारण-उपभोग्य हा भेद आणि सीलबंद पिशवी दोन्ही जातात. ज्यांना हॉटेलवर कन्सोल लावून बघायचा आहे, त्यांच्यासाठी हे मोठं सुख आहे.

विमानतळावर

कस्टमचा अधिकारी वस्तू दाखवायला सांगू शकतो. म्हणून कन्सोल चेक-इनच्या बॅगेत ठेवायचा असेल, तर बॅग सोपवण्याआधी कस्टमचं काम करा. वस्तू दाखवता आली नाही, तर जुन्या पद्धतीत माफ झालेला कर तिथेच भरावा लागतो. ‘टपालाने घरी पाठवला’ हे उत्तर १ एप्रिल २०२५ पासून चालत नाही. करमुक्त वस्तू सोबतच न्यावी लागते. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात घ्या. दुकानाचं बिलही हाताशी ठेवा, कारण मायदेशी उतरल्यावर तिथल्या कस्टमने किंमत विचारली तर दाखवायला तोच कागद असतो.