महागड्या अ‍ॅम्प्लिफायरशिवाय चांगला आवाज नाही?

‘स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरला गोडवा नसतो, लाखभर मोजल्याशिवाय खरं संगीत ऐकू येत नाही,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण महागडं यंत्र ऐकताना खरंच छान वाटतं.

पण अ‍ॅम्प्लिफायरचं काम एकच: आलेला सिग्नल न बिघडवता मोठा करणं. माफक किमतीची बरीच यंत्रंही, क्षमतेच्या आत चालवली तर, हे इतकं नीट करतात की उरलेला दोष कानाला कळत नाही. खरा फरक पडतो स्पीकरने आणि खोलीने. पेठेतल्या उघड्या फरशीच्या खोलीत जाड सतरंजी अंथरा, पडदे लावा. तबल्याची थाप किती स्वच्छ येते बघा!

वॅटचंही तसंच. ५० चे १०० केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल, म्हणजे कानाला थोडासाच. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, खोक्यावरचा ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) पाहू नका, आरएमएस (सलग मिळणारी ताकद) विचारा.

पडताळायचंय? स्पीकर तेच, गाणं तेच. आधी एकसारखा टोन वाजवून, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावून स्वस्त-महाग दोन्ही यंत्रांची पातळी जुळवा. हे टाळू नका. किंचित मोठा आवाजही कानाला सरस भासतो. मग घरातल्या कुणाला तरी न सांगता यंत्रं बदलायला लावा आणि वीसेक वेळा ओळखा. निम्मीच उत्तरं बरोबर आली, तर तो निव्वळ अंदाज. हॉल मोठा असेल किंवा स्पीकर जास्त करंट ओढणारे असतील, तर मात्र दमदार यंत्रासाठी जादा पैसे जरूर द्या.